बासष्टच्या पाटल्या

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं. दरवर्षीप्रमाणे आईला पहिल्या रांगेत बसवलं, दरवर्षीप्रमाणे शाल दिली. आई एक्क्याण्णव वर्षांची आहे. शालीचंसुद्धा तिला आता ओझं होतं. आमचे चेअरमन बद्रीनाथभाऊ पुढे आले आणि तिचा उजवा हात धरून सगळ्यांना दिसेल असा उंच केला.

"बघा पोरांनो. बासष्ट साली चीननं हल्ला केला, तवा या माउलीनं हातातल्या पाटल्या काढून देशाला दिल्या. शत्रू मागं हटल्याबिगर हाताला सोनं लावनार न्हाय म्हणाली. त्रेसष्ट वर्षं झाली. हा हात अजून रिकामाच हाय."

टाळ्या झाल्या. मुलांचं लक्ष जिलबीकडे होतं, पण माझा ऊर दरवर्षी तितकाच भरून येतो. केवढीशी आहे आई, पाच फूटसुद्धा नाही. तिच्या त्या बारक्या मनगटाकडे बघून मला वाटतं, या देशात मोठी माणसं पुतळ्यांशिवायही असतात.

बाबा गेल्यावर तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्याही गेल्या. तेव्हापासून दोन्ही हात अगदीच मोकळे.

बद्रीनाथभाऊंनी जाहीर केलं की यंदा दसऱ्याला संध्याकाळी आईचा मोठा सत्कार करायचा आणि तिच्या हाताचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये कायमचा लावायचा. मानपत्र मी लिहायचं. आमची सून श्रद्धा हळूच म्हणाली, "आजींना एकदा विचारायचं का?" म्हटलं, त्यात विचारायचं काय? मानच आहे.

घरी आल्यावर आई शाल घडी करत म्हणाली, "पुढच्या वर्षी शाल नको म्हणावं. कपाट द्या."

२० ऑगस्ट

काल चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत होते. आता थेट विमानं सुरू होणार म्हणे. व्हिसा तर मिळायला लागलेच आहेत. टीव्हीवर पुन्हा पुन्हा हातात हात.

तेजस ऑफिसातून आला तो उड्या मारतच. चाळिशीचा मुलगा, चाकणला कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. "ममा, सुटलो! आता त्यांचा इंजिनिअर येणार." (मला तो ममा म्हणतो. 'कॉन्व्हेंटची फळं,' असं आई म्हणते.) त्यांनी २०२० च्या सुरुवातीला एक चिनी मशीन आणलं होतं. आधी करोना आला, मग गलवान झालं, आणि बसवणारी माणसं आलीच नाहीत. तेव्हापासून मशीन ताडपत्रीखाली आहे. रोज सकाळी त्याच्या शेजारून जाताना घरातल्या आजारी माणसासारखं वाटतं, असं तेजस म्हणतो.

मला त्याच्यासाठी आनंद झाला आणि लगेच काहीतरी टोचलंही. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले तेव्हा मी दिवाळीच्या चिनी माळा कचऱ्यात टाकल्या होत्या. आता सरकारच हात मिळवतंय, तर आईच्या प्रतिज्ञेचं काय? शत्रू मागे हटला की नाही, हे कोणी ठरवायचं? दिल्लीने, की आईने?

आई मेथी निवडत होती. बातम्या बघून म्हणाली, "आवाज कमी कर."

२२ ऑगस्ट

मानपत्र लिहायला बसले आणि बासष्टचा नोव्हेंबर डोळ्यांपुढे आला.

मी आठ वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हा मुलींकडून जवानांसाठी खाकी मफलर विणून घ्यायच्या. माझा एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद झाला होता. सिस्टर म्हणाल्या, असू दे, ज्याची मान वाकडी असेल त्याला जाईल. तो मफलर हिमालयात कुठे गेला असेल, असं मला अजून कधीकधी थंडीत वाटतं.

गावात सभा होती, संरक्षण निधीची. बाबा शाळेत शिक्षक, बोलण्यात पटाईत. सभेच्या आदल्या दिवशीच त्यांनी मित्रांना सांगून टाकलं होतं की आमच्या घरून पाटल्या येणार. आईच्या त्या पाटल्या म्हणजे तिच्या आईने लग्नात घातलेल्या. माझी ती आजी त्याच उन्हाळ्यात गेली होती. पाटल्या हातात घट्ट बसलेल्या, निघेनात. बाबांनी आईला मोरीत नेलं आणि स्वतः तिच्या हाताला साबण लावला. किती हळुवारपणे लावत होते! मी दारातून बघत होते. आई मान वळवून मोरीच्या खिडकीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देशासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती माझी आई. तो साबणाचा वास मला आजही अभिमानाचाच वास वाटतो.

सभेहून परत आल्यावर शेजारच्या बायका म्हणाल्या, पुढे-मागे दुसऱ्या करा हो. आई एवढंच म्हणाली, "आता माझ्या हाताला सोनं नको." पुढचं वाक्य बाबांनी पुरं केलं: "शत्रू मागे हटेपर्यंत!" बाबांना शब्द फार छान सुचत. दुसऱ्या दिवशी ते पेठभर झालं.

बाबांनी पुढे दोनदा पाटल्या करून आणल्या होत्या. आईने हात पुढे केला नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही. असा निश्चय!

१ सप्टेंबर, गौरीपूजन

आईने नेहमीप्रमाणे गौरींना नटवलं. स्वतःच्या हातात काही नाही आणि गौरींच्या हातात कोपरापर्यंत. दर्शनाला आलेल्या बायका गौरींच्या पाया पडून मग तिच्याही पडतात.

कालपासून टीव्हीवर चीनमधलेच फोटो आहेत. आपले पंतप्रधान सात वर्षांनी तिकडे गेले आहेत. आई म्हणाली, "पाहुणे सोडून सगळे टीव्हीकडे बघताय. गौरींना काय वाटेल?"

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

बद्रीनाथभाऊ सकाळी आले होते. या बिबवेवाडीत सोसायट्या नव्हत्या तेव्हा त्यांची इथे शेती होती. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांची विहीर होती. त्यांचा थोरला भाऊ फौजेत होता. बासष्ट साली नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, गेला तो परत आलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. बद्रीनाथभाऊ तेव्हा अकरा वर्षांचे होते.

चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेनात. म्हणाले, "ताई, ऐकलं ते खरं हाय का? तेजसच्या कंपनीत चिनी बाई आलीय?"

"हो. इंजिनिअर आहे. लिन नावाची."

"तो तिला दसऱ्याला जेवायला घरी बोलावतोय म्हणं."

मला हे ठाऊक नव्हतं. माझा चेहरा बघून त्यांना ते कळलं.

"मी काय बोलनार? सरकार हात मिळवतंय, त्येंचं त्ये बघतील. पन ताई, आमच्या भावाची समाधी न्हाय, अस्थी न्हायत. आज सर्वपित्रीला पान वाढलं तवा कुठल्या तिथीला गेला त्येबी ठाऊक न्हाय. काकूंचा रिकामा हात बघितला की वाटतं, त्याची आठवन कुनीतरी ठेवलीय. काकूंच्या हातावरच आमचा भाऊ हाय."

ते गेल्यावर मी गार झालेला कप उचलला. आई आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं असावं. म्हणाली, "बद्रीने चहा तसाच टाकला का?"

म्हटलं, "हो."

"मग फार बोलला असेल."

२३ सप्टेंबर

तेजसशी भांडण. तो म्हणाला, "ममा, ती मुलगी एकटी आहे. हॉटेलात राहून रोज ब्रेड खाते. सणाच्या दिवशी तिला एकटं सोडू? हे तूच शिकवलंस ना?"

"आणि सोनं द्यायची वेळ आली तर? दसऱ्याला लहानांनी मोठ्यांना आपट्याचं पान द्यायचं असतं. तिने आजीपुढे पान धरलं तर आजी काय करेल?"

"घेईल नाहीतर नाही घेणार. ते पान आहे, ममा."

"तुझ्यासाठी पान आहे. आईच्या हाताला त्रेसष्ट वर्षं सोनं लागलेलं नाही. तिने चिनी माणसाच्या हातून सोनं घेतलं तर बद्रीनाथभाऊंना मी काय तोंड दाखवू? आणि नाही घेतलं तर ती पोर घरी आलेली पाहुणी."

"मग आजीला विचार ना सरळ!"

"आईला काय विचारायचं? तिचं मन मला ठाऊक आहे."

आई पलीकडे खुर्चीत बसून वाती वळत होती. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती, टेनिसची मॅच बघावी तशी.

शेवटी मीच मार्ग काढला. लिनला जेवायला बोलवायचं, पण सोनं द्यायचा कार्यक्रम ती गेल्यावर करायचा. तेजसने तसं कबूल केलं. मला माझ्या मुत्सद्देगिरीचं कौतुक वाटलं. दिल्लीत तरी दुसरं काय करत असतील?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशीन सुरू झालं! कारखान्याला उद्या सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आजच केली. तेजसने व्हिडिओ पाठवला. मार्केट यार्डातून आणलेला झेंडू मशीनवर चढवलाय, हळद-कुंकू वाहिलंय, आणि शेजारी हेल्मेट घातलेली एक ठेंगणी मुलगी हात जोडून उभी आहे. बटण दाबलं तेव्हा सगळे कामगार ओरडले आणि ती मुलगी दचकून मागे सरकली, मग हसली. तेजसचे डोळे ओले होते. पाच वर्षं माझ्या मुलाच्या मनावर ते मशीन होतं, हे मला आज कळलं.

आईला व्हिडिओ दाखवला. "कुंकू जास्त झालं," म्हणाली. पण पुन्हा लाव म्हणाली.

२ ऑक्टोबर, दसरा

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

लिन बाराला आली. बत्तीस वर्षांची, तेजसच्या खांद्याला लागेल एवढी. दारात बूट काढून तिने नीट एका रेषेत लावले. श्रीखंड, पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी. तिने सगळं खाल्लं आणि श्रीखंड दोनदा घेतलं. तिचं इंग्रजी तुटक आहे, आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी दुभाषी. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर खूश झाल्या असत्या.

जेवता जेवता लिनचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. तिने विचारलं, सगळ्या बायकांच्या हातात बांगड्या आहेत, आजींच्या का नाहीत? तेजस पाण्याचा पेला घेऊन उगाच आत गेला. मी ठरवलं, लपवायचं कशाला? अभिमानाचीच तर गोष्ट आहे. मी शांतपणे सांगितलं: बासष्टचं युद्ध, सभा, पाटल्या. तिचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माझ्या आजीचीसुद्धा कढई गेली."

कसली कढई? तर म्हणे अठ्ठावन्न साली त्यांच्या गावात सरकारने पोलाद करायचं ठरवलं आणि घराघरातली लोखंडी भांडी भट्टीत घातली. ती कढई आजीला आजीच्या आईने दिलेली, चांगली जाड बुडाची. आजी आता एकोणनव्वद वर्षांची आहे. नव्या कढया घरात पाच आहेत, पण भाजी बिघडली की अजून म्हणते, माझी कढई असती तर बिघडली नसती.

मी हे मराठीत सांगितलं. आईने घास खाली ठेवला.

"तिला विचारलं होतं का कुणी?"

मला वाटलं, आईला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सगळं सांगायला लागले. आई म्हणाली, "कळलं मला. तू तिला विचार. कढई नेताना तिच्या आजीला विचारलं होतं का?"

मी विचारलं. लिन हसली. "नाही. आजोबा गावच्या पथकाचे प्रमुख होते. पहिली कढई त्यांनी आपल्याच घरातली नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

हे मी आईला सांगितलं आणि आई हसायला लागली. साधं हसणं नाही, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लिनही हसायला लागली. दोघी एकमेकींकडे बघून हसताहेत, मध्ये मी दुभाषी, आणि मला विनोदच कळेना. इतक्या गंभीर विषयावर! पण आईला असं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून मीही हसले.

मग घोळ झाला. टेबलाच्या कोपऱ्यावर आपट्याची पानं ठेवलेली होती. लिनने ती काय, असं विचारलं आणि श्रद्धाने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. आम्ही याला सोनं म्हणतो, लहान माणसं मोठ्यांना देतात, जुनी भांडणं मिटवतात. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण श्रद्धाचं लक्ष नव्हतं. लिन उठली, एक पान घेतलं आणि आईपुढे जाऊन उभी राहिली. नेमके तेव्हाच, संध्याकाळच्या कार्यक्रमाची फ्रेम कागदात गुंडाळून, बद्रीनाथभाऊ दारात.

मी खुर्चीवरून उठले.

लिनने पान पुढे केलं नाही. दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आजींना विचारा, मी त्यांना हे देऊ का? त्यांना नको असेल तर नाही देणार."

मी विचारलं.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिला सांग, दे." आणि तळवा पुढे केला. लिनने पान ठेवलं. आईने मूठ मिटली.

मी दाराकडे बघू शकले नाही. पण आईने हाक मारली. "बद्री, दारात का उभा? आत ये. तुझा भाऊ दिसायला कसा होता रे?"

भाऊ गोंधळले. "कोण, आमचा भाऊ?"

"त्याला नाव असेल ना. इतकी वर्षं भाषणं करतोस, एकदा नाव घेतलं नाहीस."

"भैरू," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "भैरू म्हणायचो. मला नावानं हाक मारू द्यायचा. डावखुरा व्हता. विहिरीत सूर मारायचा तो डाव्या अंगानं. आन् शीळ! हितनं शीळ मारली की पार ओढ्यापल्याडनं बैल फिरायचे." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तोंडाला दोन बोटं लावून तशी शीळ घालायला गेला. निघाली नाही. नुसती हवा. त्यांनी डोळे पुसले.

लिन मला विचारत होती, काय झालं? मी सांगितलं. तिने मान खाली घातली. मग हळू, तुकड्यातुकड्याने म्हणाली, "भै-रू." बरोबर आलं का, असं भाऊंकडे बघितलं. भाऊंनी मान हलवली.

तिने त्यांच्यासाठीही एक पान उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. भाऊ समजले. हात जोडून म्हणाले, "नको बाई. राग न्हाय तुज्यावर. पन मला अजून जमायचं न्हाय." लिनने पान परत जागेवर ठेवलं, जराही वाईट वाटून न घेता.

मग आईने फ्रेमवरचा कागद काढायला लावला. आत तिचं मनगट, चांगलं दोन फुटी. आई म्हणाली, "अगं बाई. माझा हात कशाला भिंतीवर टांगताय? भैरूचा फोटो नाही का तुझ्याकडे?"

"हाय. भरतीच्या वेळचा. ल्हानसा हाय."

"तो लाव. आणि लोकांना हे शिळेचं सांग. हाताचं बास झालं."

संध्याकाळी हॉलमध्ये माझं मानपत्र कुणी वाचलंच नाही. मोठ्या फ्रेममध्ये मधोमध तो इवलासा फोटो, एकवीस वर्षांचा मुलगा, टोपी जरा मोठी. भाऊ बोलले पाचच मिनिटं. शीळ, विहीर, बैल. शेवटी नाव घेतलं, आणि सगळं सभागृह आपोआप उभं राहिलं. मुलंसुद्धा. आईनेही काठी टेकत उठायचा प्रयत्न केला. मी तिला धरलं. तिची डावी मूठ तेव्हाही मिटलेलीच होती.

३ ऑक्टोबर

पेपरात पहिल्या पानावर आहे: या महिन्याच्या अखेरीस चीनची थेट विमानं सुरू. घोषणा नेमकी कालच, दसऱ्याला झाली. मी आईला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "दिल्लीच्या आधी तू समेट केलास." ती म्हणाली, "दिल्लीचं दिल्ली बघेल. चहात साखर घातलीस का?"

मी काल रात्रीपासून या सगळ्याचा विचार करतेय. त्रेसष्ट वर्षं एक शब्द पाळायचा आणि योग्य क्षण आला की तितक्याच सहज मोकळं व्हायचं, याला केवढं मोठं मन लागतं! शत्रूच्या नातीला जवळ केलं, आणि ज्याने भाऊ गमावला त्यालाही दुखावलं नाही. मोठमोठ्या मुत्सद्द्यांना जमणार नाही ते माझ्या सातवी शिकलेल्या आईला जमलं. बाबा असायला हवे होते. त्यांनी यावर काय सुंदर भाषण केलं असतं!

हे मी आईलाही बोलून दाखवलं. "बाबा काल असते तर गं?"

आई म्हणाली, "काल बरं झालं."

म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. मग जरा वेळाने, "शकू, तुझ्या त्या पेटीत दोन बांगड्या आहेत ना जास्तीच्या? एक दे बघू."

मला आधी खरंच वाटेना. धावतच गेले. या वयात धावले! बांगडी आणली, तेजसला हाक मारली, श्रद्धाला मोबाईल आणायला सांगितलं. असा क्षण घरात पुन्हा यायचा नाही. मी आईपुढे जमिनीवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. आता किती बारीक झाला आहे हात, साबणाचीसुद्धा गरज नाही. डोळे भरून आले आणि मी बांगडी तिच्या बोटांपाशी नेली.

आईने हात मागे घेतला.

"थांब," ती म्हणाली. "माझी मी घालते."

आणि घातली. मग हात वर करून खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघत बसली. श्रद्धाचा फोटो हलला. हट्टीच आहे आमची आई, पहिल्यापासून.